गमरेमामांच्या तारेवरचे फिल्टर

कुठलीही पातळ वस्तू हातात आली की मी ती आधी उजेडाकडे धरतो. चहाची गाळणी, इस्त्रीहून आलेला रुमाल, वहीत वाळलेलं पिंपळपान. एक डोळा मिटतो आणि बघत राहतो. बायको म्हणते, "काय दिसतं हो तुम्हाला त्यात?" मी म्हणतो, "काही नाही." पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या बऱ्याच प्रश्नांना मी हेच उत्तर दिलं आहे.

ही सवय माझी नाही. ती मोरिवलीच्या गमरेमामांची. पाहुणा निघून जावा आणि त्याची छत्री आपल्या दारामागे राहावी, तशी ती माझ्याकडे राहून गेली आहे.

परवा गाडी पहिल्यांदाच एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला दिली. काचेअलीकडे बसून बघत होतो. गणवेशातल्या माणसाने बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, जुना फिल्टर उपसला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. न बघता. मी उठलो, आत गेलो आणि पिंपातून तो काढून घेतला.

"सर, तो खराब झालाय."

"माहीत आहे," म्हटलं आणि बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो. त्या उन्हात ठरवलं, आता लिहायचं. मामांबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळत होतो.

मोरिवली गाव जिथे संपतं आणि एमआयडीसीच्या कंपन्यांच्या भिंती जिथे सुरू होतात, बरोबर त्या सांध्यावर मामांची पत्र्याची शेड होती. वर पाटी : 'एअर फिल्टर तपासून मिळेल. बदलून मिळेल.' बस. ऑइल नाही, ब्रेक नाही, पंक्चर नाही. नवखा कोणी म्हणाला, "मामा, जरा इंजिनचा आवाज पण बघा ना," की मामा पलीकडच्या गॅरेजकडे हात करायचे. "इंजिन तिकडे. मी फक्त नाक बघतो."

अंगाने काटकुळे, उंच. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. उजव्या अंगठ्याचं नख मात्र कायमचं पिवळं. ते नख म्हणजे त्यांची जुनी नोकरी. एका रंगाच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, मामांनी झोळ्या झाडल्या होत्या. झोळ्या हा त्यांचा शब्द. कारखान्यातली भुकटी चिमणीतून बाहेर उडू नये म्हणून आत कापडाच्या लांबच लांब पिशव्या टांगतात. हवा त्यांतून गाळून बाहेर जाते, भुकटी आत अडकते. आम्ही त्यांना बॅगा म्हणतो. मामा म्हणायचे, "झोळी असो की गाडीचा फिल्टर, काम एकच. दारात उभं राहायचं आणि घाण आपल्या अंगावर घ्यायची. कोण आभार मानत नाही."

त्यांचं काम बघत बसणं हा माझा रविवारचा विरंगुळा होता. आधी ते बॉनेटवर दोनदा टकटक करायचे. आत मांजर झोपलेलं असेल तर उठून जावं म्हणून. मग बॉनेट वर, चार क्लिपा, झाकण. फिल्टर काढण्याआधी तो कुठल्या बाजूने बसलाय ते बोटाने हवेत गिरवून ठेवायचे. काढला की इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा, म्हणजे एक कणही आत जायला नको. डबा ओल्या फडक्याने पुसायचा. आणि मग तो क्षण यायचा, ज्याच्यासाठी मी बसलेलो असायचो. मामा फिल्टर घेऊन शेडच्या बाहेर यायचे, डावा डोळा मिटायचे आणि तो सूर्याकडे धरायचे. हार्मोनियमच्या भात्यासारख्या त्या कागदाच्या घड्या. घडीघडीतून ऊन गाळून त्यांच्या तोंडावर उतरायचं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्या वेळी बोलायचं नाही. रस्त्यावरून टँकर गेला तरी तो कुठेतरी लांब, पाण्याखालून गेल्यासारखा वाटायचा.

मग शेरा. मामांचे शेरे तीनच होते आणि ते फिल्टरच्या कडेच्या रबरावर बॉलपेनने लिहायचे. उजेड नीट येत असेल तर 'चालेल', पुढच्या तपासणीच्या तारखेसकट. उजेड अडला असेल तर 'बदलणे'. आणि क्वचित कधी, तिसरा : 'थांबून बघू'.

"थांबून बघू म्हणजे काय, मामा?" मी एकदा विचारलं.

"म्हणजे मला अजून कळलं नाही. दमट हवेत कागद उगाच काळा दिसतो. कधी वाळला की सुधारतो. जे कळलं नाही ते फेकायचं पण नाय आणि विसरायचं पण नाय."

बदललेले फिल्टर ते टाकत नसत. शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत तार बांधली होती आणि तिच्यावर ते फिल्टर, गाडीचा नंबर लिहून, ओळीने टांगलेले असायचे. दुपारचा वारा सुटला की सगळे हळूहळू गिरक्या घ्यायचे. पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन त्यांच्यातून जमिनीवर पडायचं. काळं, तपकिरी, हिरवट, निळं. मला तिथे बसल्याबसल्या डुलकी लागायची आणि डुलकीत वाटायचं की ही सगळी माणसं आहेत, दिवसभर फिरून आलेली, आणि आता ओळीने उभी राहून श्वास सोडताहेत.

मामांना त्यांतला प्रत्येक रंग वाचता यायचा. बदलापूरच्या गाड्यांमध्ये गवताची कुसळं आणि भाताचं तूस. उल्हासनगरच्या गाड्यांमध्ये निळे तंतू, जीन्सच्या कारखान्यांचे. "माणूस काय पण सांगो," मामा म्हणायचे, "गाडी जिथे उभी राहते तिथलंच खाते."

नवे फिल्टर आणायला ते उल्हासनगरला परसूभाईंच्या दुकानात जायचे. परसूभाई सिंधी, पोट काउंटरवर टेकवून बसणारे, स्वभावाने लोणी. एकदा मीही बरोबर गेलो होतो. मामांनी डझनभर खोके उघडले, एकेक फिल्टर दारात नेऊन सूर्याकडे धरला, घड्या मोजल्या, रबर अंगठ्याने दाबून बघितलं. परसूभाईंनी कपाळावर हात मारला.

"वडी साईं, फिल्टर लेने आया है कि लडकी देखने? पत्रिका भी निकालूँ?"

"लडकी वापस देता येते परसूभाई, इंजिन वापस मिळत नाय."

"सुनो इसकी बात! अपनी भाभी के सामने बोल के दिखा!"

पुढे परसूभाईंची स्वतःचीच गाडी मामांकडे आली. मामांनी टकटक केली, झाकण उघडलं आणि लगेच अलगद बंद केलं. आत, फिल्टरच्या वर, उंदरीने निळ्या तंतूंचं घरटं केलं होतं आणि त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली सहा पिल्लं.

"गाडी आठ-दहा दिवस इथेच राहू द्या," मामा म्हणाले.

"काय को?"

"बाळंतीण आहे."

परसूभाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते एवढे ओरडले की समोरच्या टपरीवरचे लोक उठून आले. "मेरी गाडी में चूहे का मॅटर्निटी होम खोला है क्या?" पण दहा दिवस ते रिक्षाने फिरले. आणि पाचव्या दिवशी, मी साक्षीला आहे, हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन आले आणि हळूच विचारलं, "आँख खुली क्या बच्चा लोग की?"

हे सगळं हसण्यासारखं. पण मामांना जे दिसायचं त्यातलं फार थोडं ते बोलायचे. बदलापूरचं एक जोडपं यायचं. नवरा वाशीच्या कुठल्याशा ऑफिसात होता, रोज गाडीने जायचा. एके दिवशी मामांनी त्याचा फिल्टर उजेडाकडे धरला तर त्यात सावरीचा कापूस अडकलेला, गवताची बोंडं, बारीक पंखांचे किडे.

"फार मळलाय ना?" त्या ताई म्हणाल्या. "रोज हायवेने जातात हे."

"हो ताई," मामा म्हणाले, "हायवेला धूळ फार."

त्या पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा मामा नवऱ्याला हलक्या आवाजात म्हणाले, "सावरीखाली दिवसभर गाडी लावता, ती जरा तोंड वाऱ्याच्या उलट करून लावत जा. कापूस आत जातो." तो माणूस बॉनेटला धरून उभा राहिला. मग त्याने नुसती मान हलवली.

ते गेल्यावर मी विचारलं. मामा म्हणाले, "नोकरी गेली असेल. घरातून निघत असेल आणि बारवी धरणाच्या रस्त्याला झाडाखाली बसत असेल."

"मग तुम्ही त्या बाईंना का नाही सांगितलं?"

"मी कोण सांगणारा? त्याने सांगायचंय. सांगायला पण माणसाला वेळ लागतो, साहेब."

दोन-तीन महिन्यांनी त्या ताई एकट्याच आल्या, स्वतः गाडी चालवत. मामांनी काही विचारलं नाही. जाताना त्याच म्हणाल्या, "आता मी जाते कामाला. हे घरी असतात. भाजी छान करतात हो." मामांनी त्यांच्या नव्या फिल्टरवर तारीख लिहिली आणि बराच वेळ ते रबर अंगठ्याने दाबत राहिले.

आता माझं.

मी त्याच एमआयडीसीत, मामांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर, रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. मामांच्या तोंडी मी 'दिघेसाहेब'. आमच्याकडे पिवळं रंगद्रव्य व्हायचं. आणि आमच्याही बॅगा होत्या; त्या वेळेवर बदलणं ही माझी जबाबदारी.

एका वर्षी बॅगा फाटल्या. मी वर मागणी पाठवली. आल्या नाहीत. परत पाठवली. तिसऱ्यांदा पाठवली नाही. तिसऱ्यांदा मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'बॅगा बदलल्या.' खाली सही केली. मला कोणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय : कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हेच त्यांना हवं असणार. शहाण्यासारखं मी ते न सांगता केलं.

पहाटेच्या पाळीत चिमणीतून पिवळी भुकटी जायची. सूर्य उगवताना ती फार सुंदर दिसायची. खोटं का बोलू? भिंतीपलीकडे मोरिवलीवर एक सोनेरी धुकं उतरतंय असं वाटायचं, आणि मी कामावर येताना गाडीत बसून ते बघायचो.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली. मामांच्या आळीत सगळी बौद्ध घरं. पौर्णिमेला बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातात. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या साड्या धुवून दोऱ्यांवर पडल्या. सकाळी बघतात तर एकूणएक साडी फिकट पिवळी. सुलोचनामामींनी, म्हणजे मामांच्या बायकोने, आपली परत धुतली, निळीत घातली, तरी पिवळेपणा गेला नाही. मामी त्या पिवळट साडीतच विहारात गेल्या. म्हणाल्या, "बुद्धाचं काय जातंय? भिक्खूंचं चीवर पण पिवळंच असतं." हे त्या हसून म्हणाल्या असं मामांनी मला सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत. त्यांना खोकला लागला होता.

आळीने प्रदूषण मंडळाकडे तक्रार दिली. सोमवारी चौकशीला माणसं येणार असं कळलं. मामांनी काय केलं, तर आळीतल्या सात रिक्षा-गाड्यांचे फिल्टर काढले आणि बाकावर ओळीने मांडले. सगळे पिवळे, हळदीत बुडवल्यासारखे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"साहेब, मी झोळ्या झाडलेला माणूस. मला वाटतं ते मी सांगू शकतो, पण माझं कोण लिहून घेणार? तुम्ही शिकलेले, आतले. हा रंग कुठला, एवढंच सांगा. तुम्ही म्हणालात तर कागदावर येईल."

आळीतली पाच-सहा माणसं उभी होती. मी एक फिल्टर उचलला. बोटाला लागलेली भुकटी मी झोपेतही ओळखली असती. मी म्हणालो, "सोनमोहराचा फुलोरा असेल. या दिवसांत झडतो."

मामांनी तो फिल्टर माझ्या हातून घेऊन परत ओळीत ठेवला. मग म्हणाले, "मोरिवलीत सोनमोहर एकच आहे. शाळेपलीकडे." आणि थोड्या वेळाने, "मोठं झाड असलं पाहिजे."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "दिघेसाहेब, तुमच्या गाडीची तारीख झालीय. रविवारी आणा."

तारीख खरोखरच झाली होती. रबरावर त्यांच्याच अक्षरात होती. माझी गाडी रोज कंपनीच्या आवारात, चिमणीखाली उभी. तिचा फिल्टर कसा असणार ते मला माहीत होतं. न जाणं म्हणजे कबूल करणंच. म्हणून शनिवारी दुपारी मी तो काढला, आमच्या वर्कशॉपमध्ये नेला आणि कॉम्प्रेसरच्या नळीने त्याला हवा मारली. पूर्ण दाबाने, घडी-घडी उलगडून. पिवळं धुकं उठलं, माझ्या पापण्यांवर बसलं. फिल्टर स्वच्छ झाला. जवळजवळ नवा. मी तो परत बसवला.

रविवारी शेडसमोर तीच माणसं होती. मामांनी टकटक केली. क्लिपा, झाकण, नळीत बोळा. फिल्टर घेऊन ते उन्हात आले आणि डोळा मिटून वर धरला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नेहमीचे उन्हाचे मऊ पट्टे त्यांच्या तोंडावर उतरले नाहीत. उतरले ते टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. दहा, वीस. कपाळावर, गालांवर, चष्म्यावर, देवीच्या व्रणांसारखे प्रखर पांढरे ठिपके. कॉम्प्रेसरच्या हवेने कागदाला भोकं पडली होती. वारा आला तसा फिल्टर जरा हलला आणि ते ठिपकेही त्यांच्या तोंडावरून सरकले.

"काय मामा? साहेबांचा पण पिवळा?" कोणीतरी विचारलं.

मामांनी फिल्टर खाली घेतला. "नाय," ते म्हणाले. "साहेबांचा साफ आहे."

कागद जुना झालाय असं सगळ्यांना सांगून नवीन फिल्टर बसवताना ते वाकले होते, मीही वाकलो होतो. बॉनेटच्या सावलीत ते मला ऐकू येईल एवढंच बोलले. "कागदाला हवा मारायची नसते, साहेब. घाण जाते, पण भोक राहतं. मग इंजिन सगळं आत घेत राहतं, आणि वरून काय कळत नाय."

मी म्हणालो, "हो." एवढंच म्हणालो. तेव्हा बोलता आलं असतं. चार पावलांवर माणसं उभी होती.

सोमवारी चौकशी झाली. मी रजिस्टर दाखवलं. आळीतल्याच एकाने, बिचाऱ्याने प्रामाणिकपणे, सांगितलं की कंपनीच्या साहेबांच्या गाडीचा फिल्टर तर साफ निघाला होता. शेरा झाला : भुकटी कुठून येते ते आढळलं नाही. बॅगा पुढे पावसाळ्यानंतर आल्या. मी त्या बसवल्या आणि रजिस्टरमध्ये काहीच लिहिता आलं नाही, कारण तिथे आधीच लिहिलेलं होतं.

त्यानंतरही मी मामांकडे जात राहिलो. ते तसेच टकटक करायचे, तसेच उजेडाकडे धरायचे, त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त मी गेलो की काम संपल्यावर जरा जास्त वेळ हातातलं फडकं चाळवत उभे राहायचे. मला वाटायचं ते दमले आहेत. खोकला वाढत गेला. मग एक दिवस शेडला कुलूप दिसलं. मुलगी मित्रा बदलापूरला शाळेत शिक्षिका. ती आईवडिलांना तिकडे घेऊन गेली होती. तिथली हवा बरी म्हणून.

मामांची छाती कशाने गेली? त्यांनी वर्षानुवर्षं झोळ्या झाडल्या होत्या. आमच्या भुकटीनेच गेली असं कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेलं नाही, आणि मीही तसं म्हणणार नाही. पण आमच्या भुकटीने गेली नाही, असंही मी म्हणू शकत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी काही वर्षं राहिलो.

मग एका दुपारी बदलापूरला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, गॅलरीतून लांबवर डोंगराची निळी रेघ. मामा खुर्चीत, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुं-घुं करतंय. मामी म्हणाल्या, "बघा ना, आजारी माणूस हा, आणि त्या मशीनला सुखाने चालू देत नाही. दर रविवारी त्याचा स्पंज काढून धुवायला लावतात."

"मशीनला पण नाक आहे," मामा म्हणाले. आवाज कागदासारखा झाला होता. "साहेब, आलात ते बरं झालं. तो मागचा स्पंज काढा. दुसरा वाळलाय, तो लावा. मामीला नीट दाबता येत नाय."

मी गुडघ्यांवर बसलो. काळा, तळहाताएवढा स्पंज काढला, वाळलेला बसवला, चारी कडा अंगठ्याने दाबल्या. काढलेला बेसिनमध्ये साबणाने धुतला, पिळला आणि आणून त्यांच्या हातात दिला. आणि तसाच, ओल्या हातांनी उभा राहून, म्हणालो, "मामा, ती भुकटी आमची होती. बॅगा बदलल्या नव्हत्या. मी खोटं लिहिलं."

मशीन चालू होतं. मामी दारात थांबल्या.

"मित्रा," मामांनी हाक मारली, "कपाटावरचं ते काढ गं."

मित्राने स्टुलावर चढून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी खाली काढलं. मी कागद सोडवला. शेड सोडताना मामांनी तारेवरचे सगळे फिल्टर भंगारात दिले होते. हा एक ठेवला होता. माझ्या गाडीचा नंबर, त्या रविवारची तारीख. उजेडाकडे धरायची गरज नव्हती. भोकं तशीही दिसत होती. असल्या फिल्टरवर एकच शेरा येऊ शकतो. पण रबरावर बॉलपेनने, त्यांच्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलं होतं : 'थांबून बघू'.

"मला वाटलं, तुम्ही बोलाल," मामा म्हणाले. दोन शब्द आणि एक श्वास, असं बोलत होते. "मी तेव्हा बोललो असतो... तर चारचौघांत तुमची इज्जत गेली असती. म्हटलं, त्यांनाच बोलू दे. सावरीवाला नाय का बोलला. पण तुम्ही फार दिवस लावलेत, साहेब."

"चुकलं, मामा."

"मला सांगून काय? मला तर तेव्हाच दिसलं होतं." ते थांबले, श्वास गोळा केला. "ज्यांच्या साड्यांवर बसली त्यांना सांगा. आणि माझं पण नाव घ्या. साफ आहे, असं मी बोललो. सगळ्यांसमोर. माझ्या बोलण्यावर तो कागद बंद झाला. तुम्ही फाडलं, मी झाकलं."

"अहो, तुम्ही कशाला—" मी म्हणालो.

"घ्या नाव," दारातून मामी म्हणाल्या. "मीही त्यांना हेच सांगत आलेय इतकी वर्षं. माझी साडी होती ती."

पुढच्या रविवारी मी मोरिवलीला गेलो. बंद शेडसमोरच्या कट्ट्यावर आळीतली माणसं बसली होती. त्यांना सांगितलं. माझं सांगितलं, आणि मामांनी सांगायला लावलेलंही. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्या बाईने एवढंच विचारलं, "मग सोनमोहर नव्हता तर?" सोमवारी मी तेच लिहून दिलं, जिथे द्यायचं तिथे. नोकरीचं जे व्हायचं ते झालं. तक्रार पुन्हा उघडली आहे; ती अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही. मामा त्यानंतर महिन्याभराने गेले. आळीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बदलापूरला आल्या होत्या. मी लांब उभा राहिलो.

पण मला मामा आठवतात ते त्या दुपारचे. मी निघालो, जिना उतरून गाडीपाशी आलो आणि वर बघितलं. मामांनी खुर्ची गॅलरीत आणायला लावली होती. उन्हं डोंगराकडे कलली होती आणि सगळी हवा मधासारखी, हलतही नव्हती. त्यांच्या हातात तो ओला काळा स्पंज होता. त्यांनी तो वर धरला, डावा डोळा मिटला. स्पंजच्या बारीक बारीक छिद्रांतून ऊन त्यांच्या तोंडावर सांडलं. मऊ, सारखं, एकही ठिपका वेगळा नाही. किती वेळ ते बघत होते कोण जाणे. मी गाडीच्या दाराला हात लावून तसाच उभा होतो.

मग त्यांनी मामींना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. मामी कठड्यावरून वाकल्या.

"दिघेसाहेब! हे म्हणताहेत, गाडीची तारीख कधीच उलटून गेलीय!"

मी मान वर करून हात हलवला. मामांचं लक्ष नव्हतं. ते पुन्हा उजेडाकडे बघत होते.